कवट्यांसमोर अर्धा तास द्या

संपादक महोदय,

सुट्टीच्या पुरवणीतल्या अमेरिका प्रवासाच्या लेखात वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला दोन ओळी मिळाल्या: डायनोसॉर पाहा आणि होप हिरा पाहा. शेजारी चित्र मात्र छापले ते वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत रांगेने चालत जाणाऱ्या आकृत्यांचे. त्याच इमारतीत त्या चित्राचे खंडन करणारे एक अख्खे दालन आहे, मानवाच्या उगमाचे. मे महिन्यात मुलांना घेऊन न्यू जर्सी-व्हर्जिनियाकडे नातेवाइकांकडे जाणारी मराठी कुटुंबे हजारो मैल ओलांडून तिथवर पोचतात आणि त्या दालनावरून सरळ वरच्या मजल्यावर जातात. होप हिरा आपल्या गोवळकोंड्याकडचा, त्यामुळे ओढ साहजिक आहे. पण हिरा पाहायला पाच मिनिटे पुरतात. दालनाला सव्वा तास लागतो, आणि तेरा ते सतरा वयाचे मूल बरोबर असेल तर तो कसा घालवायचा हे आधी ठरवावे लागते.

आधी व्यवहाराचे. प्रवेश फुकट, तिकीट नाही, नोंदणी नाही. २५ डिसेंबर सोडून रोज सकाळी १० ते संध्याकाळी ५:३०. मेट्रोची फेडरल ट्रँगल आणि स्मिथसोनियन ही दोन्ही स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. इमारतीला दोन दारे आहेत. नॅशनल मॉलकडचे दार पायऱ्या चढून थेट पहिल्या मजल्यावर, मोठ्या हत्तीपाशी उघडते; कॉन्स्टिट्यूशन अॅव्हेन्यूकडचे तळमजल्यावर. दोन्हीकडे पिशव्या तपासतात. दालन पहिल्या मजल्यावर आहे.

वेळ सकाळचीच घ्या. भारतातून येऊन दोन-तीन दिवस झालेल्या मुलाच्या शरीराच्या घड्याळात वॉशिंग्टनचे दुपारचे ३ म्हणजे रात्रीचे साडेबारा असतात. त्या वेळी मूल पेंगते, आईबाबा म्हणतात ‘याला कशात रसच नाही’, आणि दोघेही चिडून बाहेर पडतात. सकाळी १० वाजता त्याच घड्याळात संध्याकाळचे साडेसात असतात. डायनोसॉर आणि हिरा नंतर ठेवा, दालन आधी.

हे दालन १७ मार्च २०१० रोजी उघडले. मानवी कवट्यांच्या ७०हून अधिक प्रतिकृती, जॉन गर्ची या शिल्पकाराने घडवलेले पूर्वजांचे आठ चेहरे, त्याचेच ब्राँझचे पुतळे, दगडी हत्यारे, उत्खननाच्या तीन जागांचे तपशीलवार देखावे आणि एक खराखुरा नीअँडरथल, म्हणजे आपला नामशेष झालेला जवळचा भाऊबंद. इतके सगळे एका दमात दाखवायला गेलात तर मूल पहिल्या पडद्याशीच अडकते. आपल्या चेहऱ्याचा फोटो काढून तो आदिमानवाच्या चेहऱ्यात बदलणारी यंत्रे तिथे आहेत. मुले तिथे रांग लावतात, फोटो मित्रांना पाठवतात आणि त्यांच्या लेखी म्युझियम संपते. ते शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवायचे, एवढा एकच करार दाराशी करावा.

दुसरी गोष्ट दाराशी सांगायची ती अशी. या वयाच्या मुलांचा ठेवणीतला प्रश्न असतो, ‘पण हे यांना कसं कळलं?’ आपण त्याला उद्धटपणा समजतो. या दालनात तोच प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. दालनातली प्रत्येक वस्तू तीनपैकी एका प्रकारची असते: मूळ हाड किंवा दगड, मूळ वस्तूवरून काढलेली प्रतिकृती, किंवा पुराव्यावर आधारलेली कल्पना. मुलाने पाटीवर न विसंबता आधी अंदाज बांधायचा, मग पाटी वाचायची. मोबाइलवर तीन रकाने पुरतात. जवळपास सगळ्या कवट्या प्रतिकृती निघतात, कारण मूळ जीवाश्म केनिया, इथिओपिया, दक्षिण आफ्रिका अशा आपापल्या देशांत कुलपात असतात. म्हणून त्या ‘खोट्या’ ठरत नाहीत. मूळ हाडावरून साचा घेतलेला असल्यामुळे आकार आणि माप तेच असते. चेहरे आणि पुतळे तिसऱ्या रकान्यात जातात. आणि पहिल्या रकान्यात काय येते, त्यासाठी मुलाला शेवटपर्यंत थांबावे लागते.

आता कवट्यांची भिंत. इथे अर्धा तास द्या, पण सगळ्या पाहू नका. ऑस्ट्रेलोपिथेकस, पॅरँथ्रोपस, होमो इरेक्टस, नीअँडरथल (हे चारही नामशेष झालेले आपले पूर्वज किंवा भाऊबंद) आणि आजचा माणूस अशा पाचच निवडा. नावे पाठ करून घेऊ नयेत. परीक्षा नाही ही. हाड वाचायला शिकवावे.

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कवटीत जिथून शिरतो ते छिद्र कुठे आहे, हे पहिले पाहायचे. चिंपँझीत ते मागच्या बाजूला सरकलेले असते, कारण त्याचे डोके कण्याच्या पुढे लोंबते. माणसात ते बरोबर खाली, मधोमध. डोके खांबावर घागर ठेवावी तसे तोललेले. ऑस्ट्रेलोपिथेकसच्या कवटीचा मेंदू जेमतेम चिंपँझीपेक्षा थोडा मोठा, पण छिद्र पुढे आलेले. म्हणजे ताठ चालणे आधी आले आणि मोठा मेंदू कितीतरी नंतर. शरीररचनातज्ज्ञ रेमंड डार्टने १९२५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंगच्या ऑस्ट्रेलोपिथेकस बालकाच्या कवटीवरून नेमके हेच मांडले, तेव्हा बहुतेक तज्ज्ञांनी ते मानले नाही. माणूस आधी डोक्याने मोठा झाला असणार अशीच सगळ्यांची समजूत होती. काचेतल्या कवटीचे छिद्र नीट दिसत नसेल तर खाली वाकून पाहावे लागते. मुलाला वाकायला लावा, संकोच करू नका.

दुसरे, पॅरँथ्रोपसच्या डोक्यावरची कड. कोंबड्याच्या तुऱ्यासारखी हाडाची उभी पट्टी कवटीच्या मधोमध जाते. ती कशासाठी, हे पाटीवर वाचण्याआधी मुलाला दोन्ही कानशिलांवर बोटे ठेवून दात घट्ट आवळायला सांगा. बोटांखाली स्नायू फुगतो. तो चावण्याचा स्नायू आपल्यात कानशिलावरच संपतो; पॅरँथ्रोपसमध्ये तो वर चढून टाळूवर दोन्हीकडून मिळत असे, आणि त्याला धरायला ही कड लागत असे. खाली दाढा पाहा, आपल्या दाढांपेक्षा कितीतरी रुंद. मेरी लीकी यांना १९५९मध्ये टांझानियातल्या ओल्डुवाईत सापडलेल्या अशाच एका कवटीचे टोपणनाव ‘नटक्रॅकर मॅन’, म्हणजे अडकित्ता, असे पडले होते. या एका प्रयोगाने मूल हसते आणि मग पुढच्या कवटीकडे आपणहून जाते.

मग कपाळ, भुवयांवरचे हाड, सुळे, हनुवटी. पुढे आलेली हनुवटी फक्त आपल्यालाच आहे. इतक्या मोठ्या डोक्याच्या नीअँडरथललाही ती नाही. मेंदूच्या मापासाठी घरूनच तयारी करता येते. स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्याने तीन पातेल्यांत पाणी ओता: ४०० मिलिलिटर, ९०० मिलिलिटर आणि १,३५० मिलिलिटर. पहिले साधारण चिंपँझी, दुसरे होमो इरेक्टसच्या पल्ल्यातले, तिसरे आपले सरासरी माप. नीअँडरथल आपल्या बरोबरीचा, कधी थोडा वरचढ. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा एक मीटरभर उंचीचा मानव पहिल्या पातेल्यातला, आणि तरी दगडाची हत्यारे वापरणारा. ‘मोठा मेंदू म्हणजे हुशार’ हे सूत्र इथे मुलाच्या डोळ्यांदेखत अडखळते.

चूक होते ती यानंतर. कवट्या काळाच्या क्रमाने वाचत गेले की मनात आपोआप तीच रांग तयार होते, जी आपल्या पुरवणीत छापली होती: अमक्याचा तमका झाला, तमक्याचा आपण. तसे झालेले नाही. पॅरँथ्रोपस आणि होमो (म्हणजे आपला वंश) हे दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्समध्ये एकाच काळात वावरत होते. पॅरँथ्रोपसचे पुढे काही झाले नाही, ती फांदी संपली. लाखभर वर्षांपूर्वी पृथ्वीवर आपण, नीअँडरथल, सायबेरियातल्या गुहेत ओळख पटलेला डेनिसोव्हन, फ्लोरेसचा बुटका मानव असे अनेक प्रकारचे मानव एकाच वेळी होते. आज एकच उरला आहे, आणि मानवकुळाच्या इतिहासात हीच स्थिती जगावेगळी आहे. यासाठी मुलाला प्रत्येक निवडलेल्या प्रकाराची सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखा कागदावर आडव्या रेघांनी काढायला सांगा. रेघा एकमेकींवर आल्या की रांग मोडते. पाच मिनिटांचे काम आहे.

इथे आजी-आजोबांना एक विनंती. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन हा क्रम सांगून ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ म्हणण्याचा मोह या भिंतीसमोर हमखास होतो. दशावतार सुंदर आहेत आणि त्यांना म्युझियमच्या दाखल्याची गरज नाही. पण तीही पुन्हा एकामागून एक येणारी रांगच आहे, आणि मुलाच्या डोक्यातली रांग आपण नुकतीच मोडलेली असते.

शाळेतून येणारा घोटाळा वेगळा. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे, ही फार चांगली गोष्ट. एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांती २०२३मध्ये काढूनच टाकली. पण आपल्या धड्यातला रामापिथेकस मूल या दालनात शोधत बसेल. तो मानवाच्या फांदीवर सापडणार नाही. १९३२मध्ये शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या जबड्याच्या तुकड्यांवरून १९३४मध्ये त्याला नाव मिळाले आणि पुढे काही दशके तो आपला पूर्वज समजला गेला. १९८०च्या सुमाराला त्याच डोंगररांगेत पाकिस्तानच्या बाजूला शिवापिथेकस या प्राचीन वानराचा चेहरा सापडला, तो ओरांगउटानच्या चेहऱ्याशी जुळला, आणि रामापिथेकस हा शिवापिथेकसच असल्याचे मान्य झाले. पुस्तक चुकले म्हणून पुस्तकाची चेष्टा करण्यापेक्षा चूक कशी सापडली हे सांगावे: जबड्याच्या तुकड्यावर बांधलेला अंदाज पूर्ण चेहरा मिळाल्यावर कोसळला.

हाच न्याय दालनालाही लावावा. ते उघडले त्यानंतर आठवड्याभरात सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या हाडातून वेगळ्याच मानवाचा डीएनए मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्यात नीअँडरथलच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा आला, आणि आफ्रिकेबाहेरच्या लोकांत, म्हणजे आपल्यातही, साधारण १ ते २ टक्के नीअँडरथल वारसा असल्याचे पुढे पक्के झाले. २०१५मध्ये होमो नालेदी, २०१७मध्ये मोरोक्कोतली सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची आपल्या जातीची हाडे, २०१९मध्ये फिलिपिन्सचा होमो लुझोनेन्सिस. फ्लोरेसच्या मानवाची हाडे आधी १८ हजार वर्षांपूर्वीची मानली होती. २०१६मध्ये ती ६० हजार ते १ लाख वर्षांपूर्वीची ठरली. पाट्या अधूनमधून बदलतात, पण शोध त्याहून वेगाने येतात. जाण्याआधी ही पाच-सहा नावे मुलाला शोधून ठेवायला सांगा आणि कोणती पाटी मागे पडली आहे ते त्यालाच पकडू द्या. म्युझियमची चूक काढायला मिळते आहे म्हटल्यावर पंधरा वर्षांचे मूल जितके बारीक वाचते, तितके एरवी कधीच वाचत नाही.

देखाव्यांच्या तीन जागा आहेत: स्वार्टक्रान्स, केनियातले ओलोर्गेसाइली आणि इराकमधली शानिदार गुहा. स्वार्टक्रान्समधल्या एका कोवळ्या वयाच्या पॅरँथ्रोपसच्या कवटीला मागे दोन भोके आहेत आणि बिबट्याच्या खालच्या सुळ्यांमधले अंतर त्यांत बरोबर बसते. म्हणजे गुहेतली ही हाडे शिकाऱ्यांची नव्हती, शिकार झालेल्यांची होती.

ओलोर्गेसाइलीत ९ लाख ९० हजार वर्षांपूर्वी हत्ती सोलल्याची खूण आहे, हाडे आणि भोवती दगडी हत्यारे. ‘९ लाख ९० हजार हे मोजलं कसं?’ या प्रश्नाला दहातले नऊ पालक ‘कार्बन डेटिंग’ म्हणून मोकळे होतात. ते चूक आहे. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. ५० हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याजोगा उरतच नाही. पूर्व आफ्रिकेत ज्वालामुखीची राख मदतीला येते. राखेतल्या पोटॅशियमचा काही अंश अतिशय मंद गतीने आरगॉन वायूत बदलतो. खडक वितळलेला असतो तेव्हा जुना आरगॉन उडून जातो, थंड झाला की घड्याळ शून्यापासून सुरू होते. हाडाच्या वरचा आणि खालचा राखेचा थर मोजला की हाड त्या दोन तारखांमध्ये अडकते. दक्षिण आफ्रिकेच्या गुहांत अशी राख नाही, तिथे चुनखडीच्या थरांतले युरेनियम आणि सोबतच्या प्राण्यांची हाडे पाहतात. म्हणून तिथल्या तारखांना ऐसपैस पल्ले असतात. हा फरक कळला की मूल पाटीवरच्या प्रत्येक आकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहते.

ओलोर्गेसाइलीची हातकुऱ्हाड नीट पाहायला सांगा: बदामाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी छिलके काढलेली. त्याच घडणीच्या हातकुऱ्हाडी आपल्याकडे प्रवरेकाठी नेवाशाजवळच्या चिरकीला आणि जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला मिळाल्या आहेत. जाण्याआधी पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात तासभर काढला, तर परदेशातल्या काचेपलीकडचा दगड मुलाला ओळखीचा वाटतो. तिथे फोन करूनच जा.

शानिदारपाशी थांबा. नुसत्या देखाव्यासाठी नव्हे, इथे पहिला रकाना उघडतो. शानिदार-३ हा चाळिशीतला नीअँडरथल पुरुष आहे आणि त्याची हाडे प्रतिकृती नाहीत, मूळ आहेत. १९५७मध्ये राल्फ सोलेकी यांच्या उत्खननात ती मिळाली. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही म्युझियममध्ये अशी मूळ नीअँडरथल हाडे नाहीत. त्याच्या डावीकडच्या नवव्या बरगडीवर एक खाच आहे, टोकदार शस्त्राची. खाचेच्या कडा तीक्ष्ण राहिलेल्या नाहीत, हाड भरून यायला लागले होते. म्हणजे घाव बसल्यावर तो लगेच मेला नाही, काही आठवडे जगला. कुणी मारले, आपल्यापैकी कुणी की त्याच्याच जातीतल्याने, यावर अजून वाद आहे. इथे पालकांनी गप्प राहावे. बहुतेक मुले इथे सर्वांत जास्त वेळ उभी राहतात.

चेहऱ्यांकडे याच्यानंतर जा, आधी नको. आधी गेलात तर तेच खरे वाटतात, इतके ते जिवंत आहेत. जबड्याची रुंदी, नाकाचा पाया, स्नायूंच्या खुणा हाडातून मिळतात. ओठ, कान, त्वचेचा रंग, केस, डोळ्यांचे पांढरे आणि नजरेतला भाव हाडात नसतो. मुलाने प्रत्येक चेहऱ्याची अशी दोन भागांत फोड करावी. आईबाबांनीही करून पाहावी. आपली उत्तरे मुलांपेक्षा वाईट येतात.

आणखी एक, होमो इरेक्टसपाशी सांगण्यासारखे. केनियात १९८४मध्ये कामोया किमेऊ यांना सापडलेला ‘तुर्काना मुलगा’ सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. उंची १६० सेंटिमीटरच्या आसपास, हाडे पाहिली तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाची वाटावीत. पण दातांच्या आतले वाढीचे थर मोजले तेव्हा वय आठ-नऊ निघाले. त्याची वाढ आपल्यापेक्षा भराभर होत होती. लांबलचक, रेंगाळणारे, घरच्यांच्या जिवाला घोर लावणारे किशोरवय मानवाच्या गोष्टीत बरेच उशिरा आले असे त्यावरून दिसते. हे ऐकल्यावर समोरचे किशोरवय बहुधा खांदे उडवते. उडवू द्या.

ज्यांना अमेरिका जमणार नाही त्यांनी या म्युझियमच्या मानवी उगमाच्या संकेतस्थळावर जावे. कवट्यांची त्रिमितीय रूपे तिथे फुकट फिरवून पाहता येतात, छिद्र पाहायला वाकावेही लागत नाही. किंवा भोपाळ गाठावे. श्यामला टेकडीवरचे राष्ट्रीय मानव संग्रहालय आणि तिथून सुमारे ४५ किलोमीटरवरचे भीमबेटका दोन दिवसांत होते. भीमबेटकाची चित्रे १९५७मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांनी जगासमोर आणली आणि पुढे डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी तिथे उत्खनन केले. मानव संग्रहालय सोमवारी बंद असते. मे महिन्यात मात्र भीमबेटकाचा खडक सकाळी १० नंतर तापतो, हिवाळा बरा.

राहिले आपल्या पुरवणीचे चित्र. पुढच्या सुट्टीत ते पुन्हा काढू नये, एवढी विनंती. त्याच्या जागी कवट्यांच्या भिंतीचा फोटो छापता येईल. दालनात साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायला मनाई नाही. तिवई तेवढी चालत नाही.

दोन निवृत्त विज्ञान शिक्षक,
पुणे